मंदाक्रांता आणि एकाच शिखराचं गणित

मंदाक्रांतेच्या एका चरणात सतरा अक्षरं असतात. त्यांतली दहा गुरू आणि सात लघू. शाळेत म भ न त त ग ग ही गणांची माळ ज्यांनी पाठ केली असेल, त्यांना हे बोटांवर मोजता येईल: मगणाचे तीन गुरू, भगणाचा एक, नगणाचा एकही नाही, दोन तगणांचे मिळून चार आणि शेवटचे दोन. आता प्रश्न असा की दहा गुरू आणि सात लघू एवढंच भांडवल हाती असेल, तर सतरा अक्षरांची ओळ किती वेगवेगळ्या प्रकारे रचता येईल? उत्तर आहे १९,४४८. कालिदासानं त्यांतली एक चाल उचलली आणि मेघदूताच्या शंभराहून अधिक श्लोकांत ती एकदाही सोडली नाही.

शापित यक्ष ज्या रामगिरीवर दिवस कंठत होता, तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी दिलेला आहे, आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, रामटेकच्या गडमंदिराच्या टेकडीपासून जवळच. छत्तीसगडातल्या रामगढचा दावाही काही अभ्यासक करतात. पण वैदर्भीय माणसाला तो पटवून देणं अवघड आहे. टेकडीवर कालिदासाचं स्मारक आहे आणि गावात १९९७ साली स्थापन झालेलं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ. मेघदूत मराठीत आणण्याचा मोह चिंतामणराव देशमुखांपासून कुसुमाग्रज आणि शांता शेळके यांच्यापर्यंत अनेकांना झाला. त्यातल्या मेघाबद्दल, विरहाबद्दल, वाटेवरच्या नद्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याच्या १९,४४८ बद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

खरं तर ही मोजणी कालिदासाच्याही आधीची. पिंगलाच्या छंदःसूत्रांत शेवटी काही गणिती रीती दिल्या आहेत. त्यांना प्रत्यय म्हणतात. प्रस्तार म्हणजे ठरावीक अक्षरांच्या सगळ्या लगक्रमांची, म्हणजे लघु-गुरूंच्या मांडण्यांची, क्रमवार यादी. नष्ट म्हणजे यादीतला अमुक क्रमांकाचा प्रकार पुसला गेला तर तो पुन्हा शोधणं. उद्दिष्ट म्हणजे उलट, प्रकार समोर असताना त्याचा क्रमांक सांगणं. लगक्रिया म्हणजे इतके लघू असलेले प्रकार किती, हे काढणं. उद्दिष्टाची वृत्तरत्नाकर या छंदोग्रंथातली रीत घरबसल्या करून पाहण्यासारखी आहे. चरणातल्या अक्षरांवर डावीकडून १, २, ४, ८ असे दुपटीचे आकडे लिहायचे, लघूंच्या डोक्यावरचे तेवढे मिळवायचे आणि त्यात एक घालायचा. मंदाक्रांतेत पाचवं ते नववं, बारावं आणि पंधरावं ही अक्षरं लघू. त्यांवरचे आकडे १६, ३२, ६४, १२८, २५६, २०४८ आणि १६३८४. बेरीज १८,९२८. एक मिळवला की १८,९२९. सतरा अक्षरांचे एकूण लगक्रम १,३१,०७२. त्यांच्या यादीत मंदाक्रांतेचा नंबर अठरा हजार नऊशे एकोणतिसावा. संगणक ज्या दोनाच्या पायावर चालतो, तोच हा हिशेब. पण हे आता इतक्यांदा सांगून झालं आहे की मी पुढे सरकतो. मला लगक्रियेत जास्त रस आहे.

लगक्रियेसाठी पिंगलाचा दहाव्या शतकातला टीकाकार हलायुध एक आकृती सांगतो: मेरुप्रस्तार. वर एक घर, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असा चौकटींचा डोंगर रचायचा. कडेच्या घरांत एक लिहायचा आणि आतल्या प्रत्येक घरात त्याच्या डोक्यावरच्या दोन घरांची बेरीज. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलनं १६५४ च्या सुमारास याच त्रिकोणावर निबंध लिहिला, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत तो पास्कलचा त्रिकोण झाला आणि त्यातले आकडे द्विपद सहगुणक झाले. बेरीज का करायची, हे वृत्तांच्या भाषेत लगेच कळतं. सात लघूंची सतरा अक्षरी ओळ एक तर गुरूवर संपेल किंवा लघूवर. शेवटचं अक्षर झाकलं तर पहिल्या बाबतीत सोळा अक्षरांत सात लघू उरतात, दुसऱ्या बाबतीत सहा. म्हणजे ११,४४० अधिक ८,००८, बरोबर १९,४४८.

या डोंगराची सतरावी ओळ (माथ्यावरचं एकटं घर न मोजता) पूर्ण लिहितो, कारण पुढचं सगळं तिच्यातच आहे. एकही लघू नसलेल्या प्रकारापासून सुरुवात केली तर आकडे असे येतात: १, १७, १३६, ६८०, २३८०, ६१८८, १२३७६, १९४४८, २४३१०, आणि मग आरशात पाहावं तसे उलटे: २४३१०, १९४४८, १२३७६, खाली थेट १ पर्यंत.

सतरा अक्षरांच्या कुळात, ज्याला अत्यष्टी म्हणतात, आणखीही ओळखीची वृत्तं आहेत. पृथ्वीत सात गुरू आणि दहा लघू. म्हणजे मंदाक्रांता या ओळीत मध्याच्या जितकी डावीकडे, तितकीच पृथ्वी उजवीकडे, दोघींच्या घरात १९,४४८. हरिणी आणि शिखरिणी यांच्यात आठ गुरू आणि नऊ लघू, म्हणून त्या दोघी २४,३१० च्या घरात, ओळीच्या अगदी माथ्यावर. शिखरिणी शिखरावर सापडावी हा निव्वळ योगायोग. पण गोड आहे.

आता ही ओळ कशी चढते ते पाहू. प्रत्येक आकडा मागच्याच्या किती पट? पहिली उडी १७ पट. मग ८ पट, ५ पट, साडेतीन पट, २.६ पट, दुप्पट, मग सुमारे १.५७, मग सव्वापट, मग बरोबर एक पट, मग ०.८, आणि पुढे घसरण. गडमंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्याचा दम जसा टप्प्याटप्प्यानं कमी होत जातो, तसं हे आहे: पट प्रत्येक पावलाला घटते, वाढत कधीच नाही. आणि एकदा ती एकाच्या खाली गेली की पुन्हा वर येऊ शकत नाही, म्हणून ओळीला शिखर एकच. मध्ये दरी, पलीकडे दुसरं शिखर, असं होणारच नाही.

पट घटत जाते, हेच गुणाकाराच्या भाषेत असं म्हणता येतं: कोणताही आकडा घ्या, त्याचा वर्ग त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या गुणाकारापेक्षा लहान नसतो. मंदाक्रांतेच्या घरात पडताळा. १९,४४८ चा वर्ग ३७,८२,२४,७०४. शेजारी १२,३७६ आणि २४,३१०, त्यांचा गुणाकार ३०,०८,६०,५६०. वर्ग मोठा. ज्या क्रमिकेत हे प्रत्येक जागी खरं ठरतं, तिला गणितात लॉग-कॉन्केव्ह म्हणतात. आकड्यांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला तर तो वरच्या बाजूनं फुगीर, कमानीसारखा दिसतो म्हणून. ही अट नुसत्या एका शिखरापेक्षा कडक आहे. १, २, ७, ८, ३ या क्रमिकेला शिखर एकच आहे, पण दोनाचा वर्ग चार आणि शेजाऱ्यांचा गुणाकार सात, म्हणून ती लॉग-कॉन्केव्ह नाही.

सतराव्या ओळीत हे खरं ठरलं. मग विसाव्या, हजाराव्या ओळीत ठरेल कशावरून? इथे मला भास्कराचार्यांची आठवण येते. लीलावती ११५० ची. भास्कराचार्यांच्या घराण्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला; त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला होता. लीलावतीत गायत्रीच्या सहा अक्षरी चरणाचं उदाहरण आहे, सहा रसांतून एकेक, दोन-दोन, तीन-तीन रस निवडून पदार्थ किती प्रकारचे होतील असंही आहे, आणि आठ झरोक्यांच्या राजवाड्याचंही. तिन्हीची रीत एकच. वरच्या ओळीत उलटे आकडे लिहा: ६, ५, ४, ३, २, १. खालच्या ओळीत सुलटे: १, २, ३, ४, ५, ६. मग डावीकडून गुणत-भागत चला. सहा भागिले एक, सहा. त्याला पाचाने गुणून दोनाने भागा, पंधरा. चाराने गुणून तिनाने भागा, वीस. पुढे पंधरा, सहा, एक. हीच रीत भास्करांच्या तीनशे वर्षं आधी महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहातही आहे. हे महावीराचार्य राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, आणि तेव्हा विदर्भही राष्ट्रकूटांच्या राज्यात होता.

त्या दोन ओळींकडे पुन्हा पाहा. प्रत्येक पावलाची पट म्हणजे वरचा आकडा भागिले खालचा आकडा. वरचा आकडा दर पावलाला एकानं कमी होतो, खालचा एकानं वाढतो. मग भागाकार घटणारच! सहा अक्षरं असोत की सहा हजार, त्यात फरक पडायला जागाच नाही. द्विपद सहगुणक लॉग-कॉन्केव्ह का, याची पूर्ण सिद्धता या दोन ओळींच्या मांडणीत समोर पडलेली आहे. भास्कराचार्यांनी ती त्या शब्दांत सांगितली नाही, सांगायची त्यांना गरजही नव्हती. पण सिद्धतेसाठी जे लागतं ते सगळं त्यांनी पाटीवर लिहून ठेवलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

याची आणखी एक सिद्धता आहे. तिच्यात भागाकार नाही, फक्त ओळींची कापाकापी. अकरा अक्षरांची दोन वृत्तं घेऊ. ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू.

शालिनी: गा गा गा गा गा ल गा गा ल गा गा

इंद्रवज्रा: गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा

शालिनीत गुरू नऊ, इंद्रवज्रेत सात. दोघींच्या मधोमध आठ गुरूंचं घर. आता दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून डावीकडून वाचत जा आणि शालिनी किती गुरूंनी पुढे आहे ते मोजत राहा. सुरुवातीला आघाडी शून्य, शेवटी दोन. एका अक्षरात आघाडी फार तर एकानं बदलते, त्यामुळे शून्यापासून दोनापर्यंत जाताना ती कुठेतरी बरोबर एक झालीच पाहिजे. इथे ती तिसऱ्या अक्षराला होते. जिथे पहिल्यांदा एक होईल तिथे दोन्ही ओळी कापायच्या आणि शेपट्या अदलाबदल करायच्या.

गा गा गा । गा गा ल ल गा ल गा गा

गा गा ल । गा गा ल गा गा ल गा गा

मोजा. दोन्हींत आठ-आठ गुरू. या चालींना कुणी नाव दिलं असो वा नसो, त्या मधल्या घरातल्या आहेत. आणि ही युक्ती उलटीही चालते: नव्या ओळी हातात आल्या तर वरच्या ओळीची आघाडी पहिल्यांदा एक कुठे होते ते पाहून त्याच जागी कापायचं, शेपट्या परत बदलायच्या, की शालिनी आणि इंद्रवज्रा जशाच्या तशा परत. म्हणून वेगवेगळ्या जोड्यांपासून वेगवेगळ्याच जोड्या मिळतात, दोन जोड्या एकीवर एक पडत नाहीत. नऊ गुरूंच्या ५५ चाली आणि सात गुरूंच्या ३३०, त्यांच्या जोड्या १८,१५०. आठ गुरूंच्या १६५ चालींच्या आपसांत जोड्या १६५ गुणिले १६५, म्हणजे २७,२२५. पहिल्या सगळ्या जोड्या दुसऱ्यांत मावतात, आणि वर ९,०७५ जोड्या उरतात. वरच्या ओळीला आघाडी कधी मिळतच नाही अशा त्या जोड्या. एकच ओळ दोनदा घेतली तर ती त्यातलीच. 

एका असमानतेचं कारण आकड्यांत न शोधता दोन वृत्तांच्या शेपट्यांत सापडावं, यापरता मोठा आनंद मला गणितात क्वचित मिळाला आहे.

पण मोजणीतून आलेली प्रत्येक क्रमिका अशी गुणी नसते, आणि त्याचा पुरावा छंदःशास्त्रातच आहे. मोरोपंतांच्या आर्येसारख्या मात्रावृत्तांत अक्षरं नव्हे, मात्रा मोजतात: लघूची एक, गुरूच्या दोन. एक मात्रा भरायचे प्रकार किती, दोन मात्रा, तीन मात्रा? १, २, ३, ५, ८, १३, २१. विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी ही क्रमिका दिली. जगात ती फिबोनाचीच्या नावानं फिरते. तिची परीक्षा घ्या. २ चा वर्ग ४, शेजाऱ्यांचा गुणाकार ३, एकानं पास. ३ चा वर्ग ९, शेजाऱ्यांचा गुणाकार १०, एकानं नापास. ५ चा वर्ग २५, समोर २४, पास. ८ चा ६४, समोर ६५, नापास. शेवटपर्यंत हेच, एक पाऊल एकानं जिंकायचं आणि पुढचं एकानं हरायचं. अक्षरगणवृत्तांची मोजणी लॉग-कॉन्केव्ह, मात्रांची एका केसानं हुकलेली.

मग ओळखायचं कसं, कोणती क्रमिका या पंक्तीत बसेल? न्यूटननं १७०७ च्या त्याच्या बीजगणिताच्या ग्रंथात एक कसोटी दिली: आकडे एखाद्या बहुपदीचे सहगुणक असतील आणि त्या बहुपदीची सगळी मुळं वास्तव असतील, तर ते लॉग-कॉन्केव्ह असतात. किंबहुना त्याहून कडक अट पाळतात. मेरूच्या त्याच क्रमांकाच्या ओळीतल्या आकड्यांनी त्यांना घरोघर भागलं, तरीही उरलेले आकडे लॉग-कॉन्केव्ह राहतात. मेरूची ओळ इथे मोजपट्टी होते. पण पुष्कळ मोजण्या अशा आहेत की त्यांच्या बहुपदींची मुळं वास्तव नसतात, आणि तरी आकडे मात्र शिस्तीत वागतात. तिथे भास्करांच्या दोन ओळी नाहीत, शेपट्यांची अदलाबदलही जमत नाही.

अशी सगळ्यांत प्रसिद्ध मोजणी नकाशाच्या रंगांची. विदर्भाचे चार जिल्हे घेऊ: नागपूर, वर्धा, अमरावती आणि भंडारा. पहिले तीन एकमेकांना लागून आहेत. भंडारा या चौघांत फक्त नागपूरला लागून. शेजाऱ्यांना एकच रंग द्यायचा नाही आणि डब्यात क रंग आहेत. नागपूरला क पर्याय, वर्ध्याला क उणे एक, अमरावतीला क उणे दोन, भंडाऱ्याला पुन्हा क उणे एक. तीन रंग असतील तर ३ × २ × १ × २, म्हणजे बारा प्रकारे रंगवता येतं. हा गुणाकार क च्या घातांत उलगडून लिहिला की सहगुणक येतात १, ४, ५, २, चिन्हं आलटून पालटून अधिक-उणे. चिन्हं सोडून तपासा: १६ विरुद्ध ५, २५ विरुद्ध ८. पास. ही बहुपदी जॉर्ज बर्कहॉफनं १९१२ साली चार रंगांच्या कोड्याशी (कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात का?) झगडताना शोधली. १९६८ साली रोनाल्ड रीडनं पाहिलं की जिल्ह्यांच्या जागी बिंदू आणि शेजाराच्या जागी रेघा असलेलं कोणतंही जाळं घ्या, या सहगुणकांना शिखर एकच दिसतं. पुढे एस. जी. हॉगरनं अंदाज केला की ते लॉग-कॉन्केव्हच असावेत. तपासायला घेतलेलं प्रत्येक जाळं हो म्हणायचं. कारण मात्र कुणालाच सापडेना, चाळीस-एक वर्षं.

ते सापडलं जून हू या कोरियन-अमेरिकन गणितज्ञाला. हा मुलगा सेऊलमध्ये शाळा सोडून कवी व्हायला निघाला होता. विद्यापीठात उशिरा, जपानी गणितज्ञ हेइसुके हिरोनाका यांच्या व्याख्यानांमुळे तो गणिताकडे वळला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यानं रीड आणि हॉगर यांचे अंदाज सिद्ध केले, आणि हत्यारं वापरली ती भूमितीची. मोजणीचा भूमितीशी संबंध कसा, याचा एक छोटा नमुना देतो. दोन बाय पाचची खोली आहे. तिची एक बाजू दर वर्षी ३ फुटांनी आणि दुसरी १ फुटानं वाढवली तर व वर्षांनंतरचं क्षेत्रफळ (२ + ३व) गुणिले (५ + व), म्हणजे १० + १७व + ३व². मधल्या १७ चं अर्ध साडेआठ, त्याचा वर्ग ७२.२५, शेजारच्या १० आणि ३ चा गुणाकार ३०. आकडे बदलून पाहा, मधल्याच्या अर्ध्याचा वर्ग कधीच हरत नाही. हे खोल्यांपुरतं नाही. कोणत्याही दोन बहिर्वक्र आकृत्या मिसळल्या तरी मिंकोव्हस्कीची असमानता हेच सांगते, आणि वरच्या मितींत, बैजिक भूमितीत तिच्या थोरल्या बहिणी आहेत. हू यानं रंगांच्या बहुपदीचे सहगुणक हे असल्याच एका भूमितीय वस्तूची मापं आहेत हे दाखवलं, आणि मग असमानता आयती मिळाली.

एवढ्यावर थांबला असता तरी नाव झालं असतं. पण जाळ्यांहून व्यापक अशी एक गोष्ट आहे, मॅट्रॉइड. हॅस्लर व्हिटनीनं १९३५ मध्ये मांडलेली, स्वतंत्र असणं म्हणजे काय एवढंच शिल्लक ठेवून बाकी सगळं गाळलेली. जियान-कार्लो रोटा, हेरॉन आणि वेल्श यांनी १९७० च्या दशकात म्हटलं होतं की लॉग-कॉन्केव्हपणा मॅट्रॉइडांनाही लागू असावा. अडचण अशी की बहुतेक मॅट्रॉइडांच्या पाठीमागे भूमितीय वस्तूच नसते. माप घ्यायचं तर कशाचं? करीम अडिप्रासिटो, जून हू आणि एरिक कॅट्झ यांनी २०१८ साली छापलेल्या निबंधात दाखवलं की वस्तू नसली तरी तिचे नियम चालतात. घर नाही, पण घराची मापं बिनचूक! माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या गणितातलं हे सगळ्यांत धाडसी पाऊल. जुलै २०२२ मध्ये हेलसिंकीत हू याला फील्ड्स पदक मिळालं.

मेरूची ओळ मोजपट्टी म्हणून याच कथेत पुन्हा येते. वरच्या चार जिल्ह्यांत लागून असलेल्या दोन-दोन जिल्ह्यांना जोडणारे चार रस्ते धरा. फेरा पूर्ण होणार नाही अशा बेतानं रस्ते निवडायचे. एकही नाही, एक प्रकार. एक रस्ता, ४ प्रकार. दोन, ६. तीन, ३ प्रकार, कारण नागपूर-वर्धा-अमरावतीचा त्रिकोण बाद होतो. आता १, ४, ६, ३ ला मेरूच्या चौथ्या ओळीतल्या १, ४, ६, ४ नं घरोघर भागा: १, १, १, पाऊण. अजूनही लॉग-कॉन्केव्ह. असं नेहमीच होतं, हा जॉन मेसनच्या १९७२ च्या अंदाजाचा सगळ्यांत कडक प्रकार. तो २०१८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केला: एकीकडे पेटर ब्रेंडेन आणि हू, दुसरीकडे नीमा अनारी, कुईकुई लियू, शायान ओवेइस घरन आणि सिंथिया विन्झंट.

यावरून वाटेल की आता सगळं सुटलं. तसं नाही. रस्त्यांऐवजी गावं निवडा, अशी की निवडलेल्यांपैकी कोणतीही दोन थेट रस्त्यानं जोडलेली नसावीत. एका रांगेत चार गावं असतील तर एकही न निवडण्याचा १ प्रकार, एक निवडण्याचे ४, दोन निवडण्याचे ३. ही मोजणी किती बेबंद आहे हे अलवी, माल्डे, श्वेंक आणि पॉल एर्डश यांनी १९८७ मध्ये दाखवलं: आकड्यांनी चढावं कुठे, उतरावं कुठे, हे तुम्ही मनाला येईल तसं ठरवा, तसं वागणारं जाळं बनवता येतं. पण त्याच निबंधात त्यांनी विचारलं की जाळ्यात कुठेच फेरा नसेल, म्हणजे गणिताच्या भाषेत ते झाड असेल, तर शिखर एकच असेल ना? लॉग-कॉन्केव्हपणाची आशा २०२३ मध्ये मावळली. २६ बिंदूंची अशी झाडं सापडली, ज्यांची क्रमिका एका जागी नापास होते. मात्र त्या झाडांनाही शिखर एकच आहे. दोन शिखरांचं झाड आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि ते असूच शकत नाही हेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.